पेटीच्या साथीला बसताना लय कशी सांभाळायची
नव्याने पेटीच्या साथीला बसणाऱ्या मुलांना सुरांची धास्ती असते. मला विचाराल तर आधी लयीची काळजी घ्या. चुकलेला सूर पुढच्या सुरात विरून जातो. लय सुटली की गायक, तबलजी आणि समोर टाळ्यांचा ठेका धरलेले लोक, सगळेच हेलकावतात.

गिरगावातल्या एका गणेशोत्सवात मी हे शिकलो. अभंग रंगात आला होता, भजनी ठेका, आठ मात्रा (मात्रा म्हणजे तालातली एक मोजणी). मांडव लांबलचक, माझा मॉनिटर (वादकाला ऐकू यावं म्हणून जवळ ठेवलेला स्पीकर) बंद पडलेला, आणि कानावर येत होता तो पार मागच्या स्पीकरमधला तबला. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे ३४ मीटरवरचा ठोका सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचतो. मात्रा अर्ध्या सेकंदाची धरली तर हा पाव मात्रेच्या आसपासचा उशीर! मी त्या ठोक्याला धरून वाजवत राहिलो आणि अभंग मागे खेचला जाऊ लागला. तबलजी काकांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि बायावरचा (डाव्या हाताच्या डग्ग्यावरचा) हात नेहमीपेक्षा उंच उचलून सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, दाखवली. मग शेवटपर्यंत मी त्यांचा हात बघूनच वाजवलं.

गायकाच्या उजवीकडे तबला, डावीकडे पेटी, अशी आपली बैठक. मध्ये गायक येतो. म्हणून मी आता वीतभर पुढे सरकून बसतो, म्हणजे तबलजींचे हात दिसतात. साउंड चेकला मॉनिटरमध्ये तबला मागून घ्यायला लाजू नका.

रियाजाचं सांगतो. मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत तीनताल (सोळा मात्रा, चार-चारचे चार विभाग) वाजवायचा असेल तर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत ठोके देणारं यंत्र, २० वर लावा. ठोका फक्त विभागाच्या पहिल्या मात्रेला पडेल, मधल्या तीन मात्रा तुमच्या तुम्ही भरायच्या. सुरुवातीला ठोक्याआधीच पोचाल, कारण घाई सगळ्यांच्याच अंगात असते. मी हे रोज वीस मिनिटं करतो, अजूनही.

आणि पलटा (सुरांची फिरत) घेताना जागा हरवलीच तर हात हलका करून बाया ऐका. तीनतालात दहाव्या मात्रेपासून 'तिं तिं ता ता' असे बोल येतात आणि बायाचा घुमारा थांबतो. चौदाव्या मात्रेला तो परत आला की सम तीन मात्रांवर. रूपकात मात्र समेवरच खाली (बायाचा घुमारा नसलेली जागा) असते, तिथे हा हिशेब लावू नका. तो सात मात्रांचा ताल वेगळा बसून घोटावा लागतो.