एका दिवसात एकच किल्ला: एल्त्सची निवांत सहल

आमच्याकडे फ्रँकफर्टला भारतातून पाहुणे येतात ते यादी घेऊनच. ऱ्हाईनकाठचे चार किल्ले, एका दिवसात. मी आता यादी बाजूला ठेवायला लावतो आणि मोझेल नदीजवळच्या जंगलातला बुर्ग एल्त्स हा एकच किल्ला दाखवतो. तो कसा बघायचा, ते सांगतो.

आधी तारीख ठरवा. किल्ला साधारण एप्रिल ते ऑक्टोबर उघडा असतो, हिवाळ्यात बंद. मी एकदा नोव्हेंबरच्या मध्यावर गेलो आणि बंद दारासमोर बसून डबा खाऊन परत आलो. चूक माझीच, वेळापत्रक बघितलंच नव्हतं. रविवारी जाणार असाल तर पाणी आणि खाऊ शनिवारीच घेऊन ठेवा, कारण जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. किल्ल्यात खायला मिळतं, पण वाटेत डबा उघडून थालीपीठ खाण्याची मजा वेगळी.

फ्रँकफर्टहून आधी कोब्लेन्ट्स गाठायचं. तिथून ट्रियरकडे जाणारी लोकल पकडून मोझेलकर्न या छोट्या स्टेशनवर उतरायचं. मग गावातून एल्त्सबाख ओढ्याच्या काठाकाठाने, पुढे जंगलातून सव्वा ते दीड तास चालायचं. शेवटचा चढ सोडला तर वाट सोपी आहे, पण पाऊस झाला असेल तर चिखल होतो, म्हणून चपला नकोत. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर गाडीने वरच्या पार्किंगला जा. तिथून मिनीबस खाली दारापर्यंत सोडते.

तरीही, जमत असेल तर चालतच जा. बराच वेळ नुसती झाडं आणि ओढ्याचा आवाज, आणि मग एका वळणावर सुळके, मनोरे, लाकडी चौकटींच्या भिंती एकदम समोर येतात. जुन्या ५०० मार्कांच्या नोटेवर हाच किल्ला होता. रायगड-राजगडाची सवय असलेल्या डोळ्यांना तो गड वाटतच नाही. माची नाही, बालेकिल्ला नाही. एका खडकावर दाटीवाटीने उभे असलेले उंच वाडे, बस.

आणि ते वाडेच आहेत. १२६८ साली एल्त्स घराण्यातल्या तिघा भावांनी वाटणी केली, पण किल्ला सोडून कुणी गेलं नाही. पुढे प्रत्येक शाखेने त्याच चौकाभोवती आपापलं घर बांधलं: र्‍यूबेनाख, रोडेनडॉर्फ, केम्पेनिख. भाऊबंदकी आपल्याला नवी नाही, पण चौक एक ठेवून शतकानुशतकं टिकलेली वाटणी बघायची असेल तर इथे या. मालकी आजही एल्त्स घराण्याकडेच आहे.

आतल्या खोल्या गाइडबरोबरच बघता येतात, फेरी साधारण चाळीस मिनिटांची. इंग्रजी फेरी कधी आहे ते तिकीट घेतानाच विचारा. आत फोटो काढू देत नाहीत, मोबाइल खिशात ठेवा. सरदारांच्या दिवाणखान्यात भिंतीवर विदूषकाचे मुखवटे आहेत आणि दारावर गुलाब: इथे मोकळेपणाने बोला, पण बोललेलं बाहेर नेऊ नका, असा त्याचा अर्थ. त्यानंतर खजिन्याचं दालन स्वतःच्या गतीने बघा.

गाइडला एक प्रश्न जरूर विचारा: आजूबाजूचे इतके किल्ले फ्रेंचांनी १६८९च्या सुमारास उद्ध्वस्त केले, मग हा कसा वाचला? उत्तर फार घरगुती आहे. घराण्यातलाच एक जण, हान्स अँटोन, फ्रेंच सैन्यात अधिकारी होता.

बाहेर आल्यावर लगेच परतू नका. जवळच्या टेकाडावर ट्रुत्सएल्त्सचे पडके अवशेष दिसतात. १३३०च्या दशकात ट्रियरचा धर्मगुरू आणि राज्यकर्ता असलेल्या आर्चबिशप बाल्डविनने एल्त्सवर दगड फेकायला मुद्दाम बांधलेला हा किल्ला. दोन्हींमधलं अंतर नजरेने मोजलं, की वेढा म्हणजे काय ते कळतं. एवढी वाट वाकडी करून आलेले बहुतेक लोक तिकडे बघतही नाहीत.

परतीची गाडी मात्र आधी बघून ठेवा. मोझेलकर्नला ती साधारण तासाला एकच, आणि दीड तासाची वाट उतरून आल्यावर डोळ्यांदेखत सुटलेली गाडी फार झोंबते.