कॉम्प्युटरचं छोटं कॅबिनेट भरायच्या आधी: सोलापूरचा मे महिना धरून केलेली तयारी

कॅबिनेट कोणतं घ्यायचं हे ठरवायच्या आधी, मशीन जिथे ठेवणार त्या टेबलाजवळ एक साधा थर्मामीटर टांगा आणि चार दिवस दुपारी तीनचा आकडा लिहून ठेवा. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरच्या परीक्षणांतले आकडे बहुतेक २१ ते २५ अंशांच्या खोलीत घेतलेले असतात. आपल्याकडे वरच्या मजल्यावर, स्लॅबखालच्या खोलीत मे महिन्यात ३८-३९ अंश सहज होतात. प्रोसेसरवरचा हवेचा कूलर खोलीच्या तापमानाखाली जाऊच शकत नाही. पंख्याचा वेग आणि काम तेच राहिलं, तर खोली जेवढे अंश तापते जवळजवळ तेवढेच अंश प्रोसेसरही वर चढतो. म्हणून परीक्षणात ७८ लिहिलं असेल तर त्यात १४-१५ मिळवा आणि मगच विचार करा.

मी टॉवेल-चादरींच्या डिझाइनचं काम करतो. कॅटलॉगसाठी कापडाची त्रिमितीय चित्रं रेंडर करावी लागतात, आणि टेबलावर जागा कमी म्हणून दहा लिटरचं कॅबिनेट घेतलं. जोडणी केली ती गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत. जानेवारीतल्या रात्री रेंडर चालू असताना ७६ अंश दिसले आणि मी निश्चिंत झालो. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच कामाला काटा ९५ वर जाऊन टेकला. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरांची ती मर्यादाच आहे. तिथे पोचल्यावर चिप स्वतःचा वेग उतरवते. रेंडर संपायचं, पण वेळ जास्त लागायचा. माझी जोडणी नीट होती. चूक झाली ती हिशोब हिवाळ्यावर धरण्यात.

त्यामुळे प्रोसेसर निवडताना खोक्यावरच्या वॅटवर थांबू नका. रायझनमध्ये ६५ वॅट लिहिलेला प्रोसेसर प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत वीज घेतो, १०५ वॅटवाला १४२ पर्यंत. इंटेलच्या आय५-१२४०० वर ६५ लिहिलेलं असतं, पण टर्बोची, म्हणजे वेग वाढवल्यावरची, मर्यादा ११७ आहे. दहा लिटरच्या आत, ४७ मिलिमीटर उंचीच्या कूलरखाली, सोलापुरात ८८ च्या पुढे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. मोठा प्रोसेसर आधीच घेतला असेल तरी बिघडत नाही. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, वीज कमी घ्यायला लावणारा इको मोड लावा. वेग थोडा उतरतो, उष्णता त्याहून कितीतरी जास्त उतरते. ग्राफिक्स कार्डालाही पॉवर लिमिट लावायची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवा.

आता मापं. इथे घाई केली की पैसे जातात. मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड १७० बाय १७० मिलिमीटर, एसएफएक्स मापाचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) १२५ रुंद, ६३.५ उंच, १०० खोल. एसएफएक्स-एल घेतला तर खोली १३०. हे तीस मिलिमीटर कागदावर काहीच वाटत नाहीत, पण वायर वळायची सगळी जागा तेवढीच असते. ऑर्डर द्यायच्या आधी पुठ्ठ्याचे तुकडे कापा, चिकटपट्टीने ठोकळे बनवा आणि कॅबिनेटच्या आतल्या मापाच्या चौकोनात मांडून बघा. घरातल्यांना हा पोरखेळ वाटेल, वाटू द्या. ग्राफिक्स कार्डाच्या ठोकळ्याला लांबी, जाडी आणि उंची तिन्ही हवीत. एक स्लॉट म्हणजे २०.३२ मिलिमीटर, म्हणून अडीच स्लॉटचं कार्ड साधारण ५१ चं धरा. बरीच कार्डं मागच्या धातूच्या पट्टीच्या वर वीस-पंचवीस मिलिमीटर डोकावतात आणि त्याच्याही वर वीजेचा कनेक्टर येतो. नवा बारीक १६ पिनांचा कनेक्टर असेल तर वायर किमान ३५ मिलिमीटर सरळ जाऊ द्यायची आणि मगच वळवायची. तोंडापाशी मुरगळली तर पिना नीट टेकत नाहीत आणि तिथेच तापतात. तेवढी सरळ जागा पुठ्ठ्यावर मोजून ठेवा.

कूलरची उंची प्रोसेसरच्या धातूच्या झाकणापासून वर मोजतात, मदरबोर्डपासून नाही. कॅबिनेटवर ४८ लिहिलं असेल तर ४७ चा कूलर बसेल, पण पंखा जाळीला चिकटून राहिला की हवा ओढताना घुमल्यासारखा आवाज येतो. शिवाय रॅम. साधी पट्टी ३१ मिलिमीटरच्या आसपास असते, दिव्यांची पट्टी ४४ च्या वर जाते आणि रुंद कूलरला आडवी येते. दिवे सोडून द्या.

जोडणीचा क्रमही आधी कागदावर लिहा, कारण छोट्या कॅबिनेटमध्ये बोटं मागे फिरू शकत नाहीत. मदरबोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, रॅम आणि एम.२ डिस्क बसवा, कूलर लावूनच बाहेर चालू करून बघा. मागच्या बाजूलाही एम.२ ची जागा असेल तर डिस्कखाली थर्मल पॅड ठेवा. तिथे हवा पोचत नाही. प्रोसेसरची ८ पिनांची वायर कूलर बसवायच्या आधी किंवा निदान बोर्ड आत सरकवण्याआधी लावायची. ती मी विसरलो होतो. वरच्या डाव्या कोपऱ्यात एका बाजूला कूलरची पाती, दुसऱ्या बाजूला मागचं आय/ओचं कव्हर, मध्ये करंगळीही जाईना. शेवटी चिमट्याने ढकलता ढकलता पातं दुमडलं, मग सगळं परत बाहेर. एसएमपीएससोबत आलेल्या वायरी मोठ्या कॅबिनेटच्या लांबीच्या असतील तर २४ पिनांची जाड वायर गोळा होऊन झाकण फुगवते. आखूड वायरी मागवा, पण त्याच मॉडेलसाठी बनवलेल्याच. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीत वेगळी असते, चुकीची वायर लावली तर डिस्क आणि बोर्ड दोन्ही जळू शकतात.

कार्ड मदरबोर्डाच्या पाठीमागे बसत असेल तर मध्ये रायझर केबल, म्हणजे कार्ड आणि स्लॉट जोडणारी चपटी वायर, येते. ती पीसीआय एक्सप्रेस जनरेशन ३ ची असेल आणि कार्ड व बोर्ड ४ चे असतील, तर स्क्रीन काळी राहते किंवा मध्येच अडकते. आधी मॉनिटर मदरबोर्डावरच्या डिस्प्ले पोर्टला लावून बायोस उघडा आणि स्लॉट जनरेशन ३ वर ठेवा. ज्या प्रोसेसरमध्ये डिस्प्लेच नाही त्यात ही सोय नसते, खरेदी करताना लक्षात असू द्या.

धुळीपेक्षा सोलापुरात सुताची लव जास्त छळते. आमच्या गल्लीत दोन घरं सोडून माग चालतात. दीड महिन्यानंतर झाकण काढलं तेव्हा कूलरच्या पात्यांवर फिकट निळ्या रंगाचा मऊ थर होता, नखाने उचलला तर अख्खा घडीच्या रुमालासारखा निघाला. त्या आठवड्यात तिकडे निळ्या टॉवेलचं काम चालू होतं. अशी लव पात्यांच्या मधे शिरत नाही, तोंडावरच पसरते आणि हवा बंद करते. म्हणून पंख्यांसमोर नायलॉनची बारीक जाळी लावाच. जाळीने दोन-चार अंश वाढतात, ते आधीच हिशोबात धरा. महिन्यातून एकदा जाळी धुवा. पंखे झटकताना पातं बोटाने धरून ठेवा.

पाण्याचं कूलिंग दहा लिटरमध्ये मी टाळतो. २७ मिलिमीटरचा रेडिएटर आणि २५ चा पंखा मिळून ५२ होतात, १५ चा पातळ पंखा घेतला तरी ४२. एवढ्या जागेत कार्डालाच श्वास मिळू द्यावा. तरी बसवायचंच असेल तर पंप सगळ्यांत उंच जागी येणार नाही असं बघा, हवेचा बुडबुडा तिथेच अडकतो. पंखा जाईल तो नेमका उन्हाळ्यात. ९२ मिलिमीटरचा पातळ पंखा इथल्या दुकानात मला हाताशी मिळालेला नाही, म्हणून एक जादा मागवून ठेवला आहे.

खिडकीतल्या कूलरबद्दल एक वाक्य: कोरड्या उन्हात तो खोली खरंच उतरवतो, मात्र त्याचा झोत थेट मशीनवर नको, तुषारांसोबत क्षार येतात.

अर्थिंग तपासल्याशिवाय अॅल्युमिनियमचं कॅबिनेट घरात लावू नका. माझ्या जुन्या खोलीत हाताची मागची बाजू झाकणावरून फिरवली की मुंग्या यायच्या. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडी वीज धातूवर येते आणि अर्थची वायर नसेल तर तिला जायला वाट राहत नाही. वायरमनला बोलावून सॉकेटचा तिसरा पिन मोजून घ्या. यूपीएस घेताना व्हीएवर जाऊ नका, वॅट बघा: ६०० व्हीएचा साधारण ३६० वॅटच देतो.

हत्यारं थोडीच लागतात: लांब दांड्याचा चुंबकी चौपेळी पेचकस, एम.२ साठी बारीक पेचकस, चिमटा, वेल्क्रोच्या पट्ट्या, प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायची थर्मल पेस्ट, आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि स्क्रूंसाठी दोन वेगळ्या वाट्या. एसएमपीएसचा जाड आट्याचा आणि अडीच इंची डिस्कचा बारीक आट्याचा स्क्रू दिसायला सारखेच; चुकीचा जोर लावून फिरवला तर आटे जातात.

सगळं बसल्यावर झाकणं लावून, जाळीसकट, दुपारी तीन वाजता अर्धा तास पूर्ण भार द्या. झाकण काढून घेतलेला आकडा धरू नका. शेजारी खोलीचं तापमान लिहा आणि दोघांतला फरक कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागदाच्या पट्टीवर चिकटवा. माझ्या पट्टीवर ४९ आहे. तो ५५ झाला की जाळी धुवायची वेळ आली, आणि धुऊनही उतरला नाही तर पेस्ट बदलायची.