टँकरवर नव्याने बसताय? या चुका टाळा

ट्रक चालवून आलेला पोरगा टँकरवर बसला की पहिल्याच दिवशी म्हणतो, "त्यात काय, चाकं तेवढीच!" चाकं तेवढीच, बाबा. पण ब्रेक मारल्यावर ट्रकमधला कांदा जागेवर बसतो, टँकरमधलं डिझेल बसत नाही. मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून मी बरीच वर्षं पेट्रोल-डिझेल वाहतोय. नवे गडी येतात, जुन्याच चुका करतात.

आधी लायसन्स. धोकादायक मालाची नोंद लायसन्सवर लागते, त्यासाठी तीन दिवसांचं ट्रेनिंग असतं. ते न करता कुठून तरी सर्टिफिकेट "काढून आणणारे" महाभाग मी पाहिलेत. गाडीवरच्या पाटीवर 1203 म्हणजे पेट्रोल आणि 1202 म्हणजे डिझेल, एवढंही त्यांना सांगता येत नाही. गाडी उलटली तर फायर ब्रिगेडवाला आधी तोच आकडा शोधतो.

सगळ्यात जास्त फसतात ते अर्ध्या मालावर. वीस हजार लिटर डिझेल म्हणजे सोळा-सतरा टन. टँकरची टाकी आतून कप्प्यांत वाटलेली असते, एकेक कप्पा म्हणजे चेंबर. चेंबर पूर्ण भरलेलं असलं तर माल फारसा हलत नाही. चेंबर अर्धवट असेल तर वळणावर सगळा माल एका बाजूला जातो आणि तुम्ही स्टेअरिंग सरळ केलं तरी तो एक हेलकावा उशिरा परततो. तो हेलकावाच गाडी आडवी करतो. म्हणून चेंबर एकतर भरलेलं, नाहीतर रिकामं. पंपवाल्याने "थोडं ठेवा, उद्या घेतो" म्हटलं तरी मी ऐकत नाही. ब्रेकचंही तसंच. करकचून दाबला की गाडी थांबते आणि मागून मालाचा धक्का येऊन परत पुढे ढकलली जाते. राहुड घाटात पहिल्यांदा हा धक्का बसला तेव्हा मला वाटलं मागून कोणीतरी ठोकलं. उतरून बघितलं, मागे कोणीच नव्हतं. क्लीनर हसून हसून लोळायचा बाकी होता.

घाटात न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्यांशी मी बोलत नाही.

आता माझी स्वतःची चूक. रात्रीचे साडेअकरा, पाऊस, दिवसातला दुसरा पंप. गाडीत दोन चेंबर पेट्रोल, दोन डिझेल. पंपावरचा पोरगा झोपेतून उठून आला आणि म्हणाला, "दादा, डावीकडची टाकी डिझेलची." मी होज, म्हणजे माल उतरवायचा पाइप, लावला, व्हॉल्व उघडला. दोनेक मिनिटांनी मॅनेजर छत्री सोडून धावत आला. डावीकडची टाकी पेट्रोलची होती. व्हॉल्व बंद करेपर्यंत जायचं तेवढं डिझेल पेट्रोलमध्ये गेलं होतं. त्या रात्री पंपाची पेट्रोलची विक्री बंद, टाकी उपसायची, आणि नुकसान माझ्या पगारातून कित्येक महिने कापलं गेलं. पोरगा चुकीचं बोलला हे खरं. पण व्हॉल्ववर हात माझा होता. उलटं झालं असतं, पेट्रोल डिझेलच्या टाकीत गेलं असतं, तर प्रकरण आणखी वाईट. थोडं पेट्रोल मिसळलं तरी डिझेल सहज पेट घेतं.

तेव्हापासून माझी एक सवय आहे, लोक हसतात तरी सोडत नाही. मॅनेजर स्वतः येईपर्यंत होजला हात लावत नाही. टाकीचं झाकण त्यालाच उघडायला लावतो. चेंबरमधला नमुना बाटलीत काढून उजेडात धरतो. पेट्रोल आणि डिझेल रंगावरून आणि वासावरून कळतं, अंधारात मात्र डोळ्यांवर विसंबू नका. मग मोठ्याने म्हणतो, "चेंबर दोन, डिझेल, ही टाकी डिझेलची." समोरचा "हो" म्हणाला की मगच व्हॉल्व. त्याआधी टाकीत जागा किती आहे तेही डिप, म्हणजे मोजायची पट्टी, टाकून बघतो. टाकी भरून वर आली तर सगळा पंप पेट्रोलने धुऊन निघेल.

पंपावर पोचल्या पोचल्या टँकरची डिप घेऊ नका. गाडी सपाट जागी लावा, माल शांत होऊ द्या. मी पंधरा मिनिटं थांबतो. या पंधरा मिनिटांचा नव्या पोरांना भारी कंटाळा येतो, मोबाइल काढतात. मोबाइल केबिनमध्ये ठेवायचा, कळलं?

अर्थिंगचा चिमटा रंगावर लावलात तर न लावल्यासारखाच. उघड्या लोखंडावर लावा, होज जोडायच्या आधी, आणि सगळं झाल्यावर शेवटी काढा. होजमधून तेल वाहतं तेव्हा वीज साठते, ती जायला वाट हवी.

"माल संपला, आता काय भीती!" असं म्हणत रिकाम्या टँकरच्या झाकणाशी बिडी पेटवणारा एक जण मी एकदा मागे ओढलाय. रिकाम्या टँकरमध्ये वाफ असते आणि भडका वाफेचाच उडतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकत लांबपर्यंत जाते. स्टोव्ह सोबत ठेवून गाडीच्या सावलीत भात शिजवणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

राहिलं किरकोळ. डेपोतून निघताना सीलचे नंबर मालाच्या चलनाशी स्वतः ताडून बघा, क्लीनरवर सोडू नका. दोन पंपांचा माल असेल तर मी आधी मागचं चेंबर रिकामं करतो. पुढचं आधी रिकामं केलं तर स्टेअरिंग हलकं लागतं. आणि चपला घालून टँकरवर चढू नका. पावसात तर नाहीच.