पेठांमधला हेरिटेज वॉक कसा आखावा: शनिवारवाडा ते विश्रामबागवाडा, चहा-मिसळीसकट

पुण्याच्या पेठांमध्ये पाहुण्यांना किंवा सोसायटीतल्या मंडळींना घेऊन फिरायचं असेल, तर आधी खाण्याच्या वेळा पक्क्या करा आणि वास्तू त्याभोवती बसवा. बहुतेक जण नेमकं उलट करतात. मग मिसळीच्या वेळी हॉटेल भरलेलं असतं, उभं राहून अर्धा तास जातो, लोक कंटाळतात आणि मंडई-तुळशीबाग घाईत उरकावी लागते.

खाली दिलेला मार्ग साधारण अडीच किलोमीटरचा आहे. सकाळी सातला निघालं तर खाण्यासकट तीन तास लागतात. माणसं बारा, फार तर पंधरा. त्याहून जास्त झाली की बुधवार पेठेतल्या बोळांत शेवटच्याला काही ऐकू येत नाही आणि मागून दुचाकीवाले हॉर्न वाजवत राहतात. रविवारी सकाळी रहदारी सर्वांत कमी. गणेशोत्सवाचे दहा दिवस आणि दिवाळीच्या खरेदीचा आठवडा पूर्ण टाळा. गाड्या कुणालाही आणू देऊ नका. कसबा पेठ मेट्रो स्टेशनवर भेटायचं आणि मंडई स्टेशनजवळ संपवायचं, म्हणजे पार्किंगची भानगडच राहत नाही. फक्त पहिल्या गाड्यांची वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा.

सुरुवात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोरच्या पटांगणात करा. वाड्याची पायाभरणी १७३० मध्ये पहिल्या बाजीरावांनी केली आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. १८२८ च्या आगीनंतर आत मुख्यतः जोती, कारंजी आणि तटच उरले. म्हणून पहिल्या वॉकला आत शिरू नका. आतला पाऊण तास वेगळ्या दिवशी द्यावा, त्याला तेवढा वेळ लागतोच. बाहेरून दरवाजा मात्र नीट दाखवा. फळ्यांवरचे लोखंडी खिळे हत्तीचं गंडस्थळ येईल त्या उंचीवर आहेत. त्याच फळीतला छोटा दिंडी दरवाजा बघा: माणसाला वाकून, एकेकट्यानंच आत यावं लागतं. वर नगारखाना, खाली दगड, त्यावर विटा. एवढं दाखवलं की पुढचा प्रत्येक वाडा लोक स्वतः वाचू लागतात. दिल्ली दरवाजा हे नाव तो उत्तरेकडे, दिल्लीच्या दिशेला आहे म्हणून, हेही सांगा.

इथे हमखास कुणीतरी 'काका मला वाचवा' आणि पौर्णिमेच्या रात्रीचा विषय काढतो. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी याच वाड्यात झाला, तेवढं सांगावं आणि पाण्याकडे वळावं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून दगडी भुयारी नळाने पाणी शहरात आणलं. नळात हवा खेळती राहावी म्हणून वाटेत उच्छ्वास बांधले, आणि पेठांमधले हौद त्यावर भरत. भुतांच्या गोष्टी ऐकायला लोक कान टवकारतात हे खरं, पण पेठा वसल्या आणि टिकल्या त्या या पाण्यावर. कसब्याकडे जाताना 'फडके हौद' हे चौकाचं नाव दाखवलं की मुद्दा पटतो.

पहिला चहा इथेच, अमृततुल्यमध्ये, सव्वासातच्या सुमारास. हाफ पुरे. दूध-पाणी एकत्र उकळलेलं, आलं-वेलची ठेचून घातलेली, पितळी पातेल्यातून फडक्याने गाळून दिलेला तो चहा पोटात गेला की पुढची दोन ठाणी निवांत होतात. पोटभर काही खाऊ देऊ नका, क्रीमरोल एखादा चालेल.

लाल महाल रस्त्यातच लागतो. आत्ताची इमारत महापालिकेने विसाव्या शतकात बांधलेली आहे, हे स्पष्ट सांगा. लोक तिला शिवकालीन समजून फोटो काढतात आणि नंतर कळलं की नाराज होतात. तिथून ग्रामदैवत कसबा गणपती. मग परत फिरून नाना फडणवीसांचा नाना वाडा, तांबडी जोगेश्वरी आणि भिडे वाड्याची जागा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा इथे सुरू केली. जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला. पेठांमधले वाडे असे जातच असतात, म्हणून वॉकच्या आधीच्या आठवड्यात संपूर्ण मार्ग एकदा पायी तपासणं बंधनकारक माना. पत्र्याचं कुंपण, खोदलेला रस्ता, बंद बोळ हे नकाशात दिसत नाही. राहत्या वाड्याच्या चौकात शिरायचं असेल तर घरमालकांना आदल्या दिवशी विचारा आणि दोरीवरच्या कपड्यांचे, ओसरीवर बसलेल्या आजींचे फोटो काढू नका म्हणून सगळ्यांना दारातच सांगा.

मिसळ साडेआठला. तुळशीबागेतलं श्रीकृष्ण भुवन किंवा फडके हौदाजवळचं वैद्य उपाहारगृह अशा जुन्या ठिकाणी मोठ्या घोळक्याला एकदम जागा मिळत नाही. सुट्टी आणि उघडण्याची वेळ आदल्या दिवशी विचारा, चार-चारांच्या गटाने बसवा. दोघांत एक प्लेट. पेठेतल्या जुन्या मिसळीत पोहे, बटाट्याची भाजी, शेव आणि वर रस्सा, म्हणजे सँपल. सोबत पाव नाही, स्लाइस ब्रेड. कोल्हापूरच्या तर्रीची अपेक्षा घेऊन आलेले 'तिखटच नाही' म्हणतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की इथे आल्याची आणि हिरव्या मिरचीची चव पुढे असते. तिखट न सोसणाऱ्यांसाठी सँपल वेगळं मागवा.

पथ्याचं आदल्या दिवशीच विचारा. साबुदाणा खिचडीत दाण्याचं कूट असतं. बाजारातल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, त्यामुळे गहू न चालणाऱ्याने फोडणीचं काहीही विचारूनच खावं. बिल एकानेच द्यावं. पंधरा जण पंधरा क्यूआर कोड स्कॅन करत बसले की गल्ल्यावरचा माणूस वैतागतो आणि पुढच्या वेळी तुम्हाला टेबल मिळत नाही.

महात्मा फुले मंडई १८८६ ची, आधीचं नाव रे मार्केट. मधल्या अष्टकोनी मनोऱ्याखाली उभं राहून वर बघायला लावा. छप्पर एवढं उंच का? तापलेली हवा वर जाते, खाली भाजी टिकते. गाळ्यांमधून जाताना एकेरी रांग ठेवा आणि काहीतरी विकत घ्या. थंडीत सोलाणे आणि ओली हळद, एप्रिल-मे महिन्यांत करवंदं, पावसाळ्यात कर्टुली आणि टाकळा. विकत घेतलं की भाजीवाल्या मावशी स्वतःहून भाजी कशी करायची ते सांगतात, आणि ती माहिती कुठल्याही गाईडपेक्षा चांगली असते.

तुळशीबाग दहाच्या आत गाठा. दुकानांचे पडदे आणि छत्र्या लागल्या की राममंदिराचं सुमारे १४० फुटी शिखर अर्धं झाकलं जातं. नारो अप्पाजी खिरे यांनी हे काम सुरू केलं ते १७६१ मध्ये, पानिपतच्याच वर्षी.

शेवट विश्रामबागवाड्यासमोर. दुसऱ्या बाजीरावांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या या वाड्याच्या दर्शनी भागातले सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब आणि केळफुलाचं कोरीव काम जवळून बघा. खण मोजायला सांगा: दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण, साधारण पाच फूट. लहान मुलं हे फार मन लावून करतात. इथे गोडासाठी मस्तानी, म्हणजे आइस्क्रीम घातलेलं दाट दूध, सुचवाल तर फसाल, कारण सकाळी आइस्क्रीमची दुकानं बहुधा उघडलेली नसतात. पियुष मागवा, मिसळीनंतर तोच पोटाला बरा. मस्तानी हवीच असेल तर वॉक संध्याकाळी पाचला सुरू करा. मग मिसळीऐवजी बटाटेवडा ठेवा आणि मंडईच्या गर्दीसाठी अर्धा तास वाढवून धरा.