कळसूबाई चढून स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी कसा उभारावा

१९९५ साली स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या १७ जणी अमेरिकेतून अर्जेंटिनातल्या ६,९६१ मीटर उंच अकोंकाग्वाच्या चढाईला गेल्या. हेतू एकच, संशोधनासाठी पैसा उभा करणं. आपल्याला इतकं लांब जायला नको. १,६४६ मीटरची कळसूबाई आहे.

आधी उत्तर तयार ठेवा. ‘औषध कंपन्या करतातच की संशोधन, आम्ही का द्यायचं?’ असं कुणीतरी विचारणारच. त्यांना टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखालचा अभ्यास सांगा. देशातल्या ११ रुग्णालयांतल्या सुमारे १,६०० स्त्रियांपैकी निम्म्या जणींना शस्त्रक्रियेच्या थोडं आधी गाठीभोवती लिडोकेन टोचलं. दात काढताना वापरतात तेच भुलीचं स्वस्त औषध. २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आले. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन न दिलेल्या गटात ८६.४ टक्के, दिलेल्या गटात ९०.१ टक्के. इतक्या स्वस्त, जुन्या औषधातून कंपनीला काय मिळणार? असे प्रश्न सरकारच्या आणि लोकांच्या पैशावरच तपासले जातात. मला तरी देणगी मागायला याहून मोठं कारण लागत नाही.

मग ज्या संस्थेला देणगी द्यायची, तिला लिहा. देणगी ‘स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधनासाठीच’ वापरली जाईल, हे लेखी घ्या. नाहीतर ती सर्वसाधारण निधीत जाऊ शकते. पैसे स्वतःच्या यूपीआयवर घेऊ नका, अगदी मावशीचे शंभर रुपयेसुद्धा. प्रत्येकाने थेट संस्थेच्या खात्यात भरावेत, म्हणजे पावती त्याच्याच नावाने निघते. देणगीवरची आयकर सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही. परदेशातल्या नातेवाइकांकडे भारतीय पासपोर्ट असेल तर अडचण नाही. परदेशी असेल तर संस्थेला तसा पैसा घेता येतो का, ते आधी विचारा.

दर मीटरमागे मागा. मीटरला १० रुपये म्हटलं की १६,४६० होतात, १ रुपया म्हटलं तर १,६४६. शाळकरी पोरंही चार जण मिळून एक रुपयावाला वाटा उचलतात. मात्र एक गोष्ट आधीच स्पष्ट करा: अर्ध्यातून परतलो तरी देणगी पूर्ण. हे ठरलेलं नसेल तर पावसात, निसरड्या शिडीखाली उभं राहून म्होरक्याला पैशाचा विचार करावा लागतो. तिथे त्याने फक्त माणसांचा विचार करायला हवा.

चढाई. घोटीमार्गे पायथ्याचं बारी गाव गाठा, पहाटेच निघा. नवरात्रात देवीच्या दर्शनाला मोठी गर्दी असते आणि लोखंडी शिड्यांवर रांग लागते, तेव्हा ते दिवस टाळा. प्रवास आणि जेवणाचा खर्च ज्याचा त्याने करावा, देणगीतून एक रुपयाही नको.

गटात शस्त्रक्रिया झालेली कुणी असेल तर तिच्या डॉक्टरांना विचारूनच तिला न्या. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते. तिची जड सॅक दुसऱ्याने घ्यावी, शिड्यांवर तिला घाई करू नये आणि गटाचा वेग तिने ठरवावा.

उतरल्यावर आठवडाभरात प्रत्येक देणगीदाराला एकूण रक्कम, संस्थेचं पत्र आणि माथ्यावरच्या मंदिरापाशी काढलेला फोटो पाठवा. ज्यांनी शब्द दिला पण पैसे भरले नाहीत, त्यांना फोन करा. एकदाच, प्रेमाने.