जुन्या शहराच्या गल्लीत इलेक्ट्रिक गाडी उतरवण्याआधी

जुन्या शहरात माल पोचवायला विजेची छोटी गाडी घ्यायची असेल, तर गाडी शेवटी निवडायची. आधी टेप घेऊन सगळा मार्ग पायी फिरा, कारण जुन्या शहरातली गल्ली नकाशावर दिसते तेवढी रुंद क्वचितच असते. सर्वांत चिंचोळी जागा जमिनीपाशी मोजा आणि पुन्हा गाडीच्या आरशाच्या उंचीवर मोजा. खाली पायऱ्या पुढे आलेल्या असतात, वर खिडक्यांचे गज, पाण्याचे पाइप, बाहेर उघडणारी दारं. कमानीची मधली उंची तर हमखास फसवते. कमान दोन्ही बाजूंना खाली उतरत जाते आणि चौकोनी टपाचा वरचा कोपरा तिथेच घासतो. म्हणून टपाच्या रुंदीची पट्टी कमानीखाली जमिनीवर आडवी ठेवा आणि तिच्या दोन्ही टोकांपासून वरची उंची मोजा. शेकडो वर्षं उभ्या असलेल्या दगडाचा टवका उडाला तर तो परत बसवता येत नाही. या कामाला वेळ कमी पडू देऊ नका.

पायाखाली काय आहे तेही विचारा. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त शहरात कालव्याकाठच्या रस्त्यांखाली मध्ययुगीन तळघरं आहेत, त्यामुळे तिथे जड ट्रक चालत नाहीत. याच शहरात २००९ साली कार्गोहॉपर नावाची मालगाडी आली: पुढे अरुंद विजेचं इंजिन, मागे मालाचे डबे. तिथल्या हॉटेलांचा माल विजेच्या बोटीनेही जातो. तुमच्या शहरात असं काही असेल तर वजनाची मर्यादा, गाड्या आत सोडण्याच्या वेळा आणि फक्त पादचाऱ्यांसाठीचे रस्ते पालिकेकडून लेखी घ्या. गाडी विजेवर चालते म्हणून वेळेचं बंधन आपोआप सुटेल, असं गृहीत धरू नका.

वाहनाचा वर्गही याच टप्प्यावर ठरवा. युरोपीय संघात २५० वॅटपर्यंतची मोटर असलेली आणि ताशी २५ किलोमीटरला मोटरची मदत थांबणारी मालवाहू सायकल ही सायकलच मानली जाते. लहान चारचाकी मात्र मोटरवाहनात मोडते आणि तिला परवाना, विमा, नोंदणी सगळं लागतं. गल्लीचं तोंड खांब रोवून बंद केलेलं असेल, तर निवड तिथेच होऊन जाते: सायकल.

जुन्या शहराच्या कडेला छोटं गोदाम मिळालं नाही, तर बाकीची तयारी फुकट. मोठा ट्रक तिथे माल उतरवेल आणि छोट्या गाड्या तो आत नेतील. जागा आतल्या ग्राहकांपासून जवळ हवी, कारण छोटी गाडी दिवसभरात पुन:पुन्हा भरायला येते. पार्सलांच्या कामात वजनाआधी जागा संपते. गाडीच्या मालाच्या डब्यात किती लिटर जागा आहे ते बघा, नुसते किलो नकोत.

चढाचं गणित कागदावर मांडा. मालासकट १००० किलोची गाडी १२ टक्के चढावर ताशी १० किलोमीटरने न्यायची तर नुसत्या चढासाठी सुमारे ३.३ किलोवॅट शक्ती लागते. खडबडीत दगडी फरसबंदीचा विरोध वेगळा. मोटर तेवढी शक्ती सलग काही मिनिटं देते का, ते विक्रेत्याला विचारा आणि पूर्ण माल भरून तुमच्याच चढावर चालवून बघा. उतरताना ब्रेकही ओल्या दगडावरच तपासा. लहान चाकं फटीत आपटतात, तेव्हा काचेचा माल कुठे ठेवणार हेही आत्ताच ठरवा.

चार्जिंगसाठी जुन्या इमारतीचं वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. २३० व्होल्टला १० अँपियर म्हणजे २.३ किलोवॅट, पाच गाड्या एकाच वेळी लावल्या की साडेअकरा. जिन्याखाली किंवा बाहेर पडायच्या वाटेवर बॅटरी चार्जिंगला लावू नका, विशेषतः लाकडी मजले असतील तिथे. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज होऊ देऊ नये, तेव्हा थंडीच्या शहरात आतली जागा बघा.

चालवणाऱ्यांना तयारीत पहिल्या दिवसापासून घ्या. गाडी कुठे थांबली तर मागच्याची वाट अडत नाही, हे त्यांनाच नीट कळतं. शेवटी द्यायचा माल आधी भरायची सवय लावा. आणि जुनी व्हॅन लगेच विकू नका: कपाटं, मोठी यंत्रं अशा अवजड मालासाठी तिची वेळ ठरवून पालिकेची परवानगी काढून ठेवा.