चप्पल लाइनीत बसून स्पेनची १९१४ची पिढी वाचायची कशी

कोल्हापुरात स्पेन म्हटलं की विषय थेट बार्सिलोना-रिअल माद्रिदवर जातो. पेठेतल्या पोरांना तिथला बदली गोलकीपरसुद्धा पाठ असतो. दुकानात गिऱ्हाईक नसताना मी जाड पुस्तक घेऊन बसलेला बघून त्यातल्या एकानं विचारलं, "काका, हा ओर्तेगा कुठल्या टीमचा?" हे लिहिणं त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी.

ओर्तेगा हा स्पेनचा तत्त्वज्ञ, आणि त्याची टीम अशी. १८९८ साली अमेरिकेशी युद्ध हरून स्पेननं क्युबा, पोर्टो रिको आणि फिलिपिन्स घालवलं. त्या धक्क्यातली लेखकांची पिढी देशाच्या दुखण्यावर लिहीत राहिली. तिच्या मागून आलेल्यांना त्या हळहळीचा कंटाळा आला होता. प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकार अशी ही माणसं. बरीचशी परदेशात शिकून आलेली. विज्ञान, शिस्त आणि नेमकं लिखाण यांच्या जोरावर त्यांना स्पेन युरोपच्या बरोबरीला आणायचा होता. त्यांना १९१४ची पिढी म्हणतात आणि चळवळीला नोवेसेन्तिस्मो. हे नाव रुजवलं कातालान लेखक एउहेनियो दोर्सनं, १९०६पासून वर्तमानपत्रात रोज लिहिलेल्या टिपणांतून. त्याच्यावर सुरुवातीला वेळ घालवू नका, फार अलंकारिक गडी आहे.

पुस्तक उघडण्याआधी एका कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडं माद्रिद, उजवीकडं करवीर. डावीकडं लिहा: १९०७, तरुणांना शिष्यवृत्त्या देऊन परदेशी पाठवणारं मंडळ, अध्यक्ष नोबेलविजेते शास्त्रज्ञ रामोन इ काहाल. १९१०, ‘रेसिदेन्सिया दे एस्तुदियान्तेस’ हे वसतिगृह. पुढं कवी लोर्का, चित्रकार दाली, सिनेमावाला बुन्युएल इथंच राहिले. १९१५, मारिया दे माएत्सूच्या हाताखाली मुलींचं वसतिगृह. आता उजवीकडं: १९०१, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग. १९०२, मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा शाहू महाराजांचा हुकूम. १९१५, पॅलेस थिएटर. १९१७, सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. हा कागद पुस्तकात खूण म्हणून ठेवा, शेवटी लागणार आहे.

वाचायला सुरुवात गाढवापासून करा. कवी हुआन रामोन हिमेनेसचं ‘प्लातेरो इ यो’ (प्लातेरो आणि मी) १९१४ साली निवडक रूपात आलं आणि १९१७ साली पूर्ण. त्यात १३८ छोटी प्रकरणं आहेत. अन्दालुसियातलं मोगेर हे त्याचं गाव, तो आणि त्याचं चंदेरी गाढव, एवढाच ऐवज. इंग्रजी भाषांतरं सहज मिळतात. रोज दोन-तीन प्रकरणं, आणि मोठ्यानं वाचायची. एक शब्द जास्तीचा नाही, ही या पिढीची खोड कानालाच कळते. याच माणसाला १९५६ साली नोबेल मिळालं. त्याची बायको सेनोबिया कांप्रुबी हिनं आपले रवींद्रनाथ टागोर स्पॅनिशमध्ये नेले. त्यातलं पहिलं पुस्तक १९१५ साली निघालं. स्पॅनिश जगात टागोर घरोघरी गेले ते मुख्यतः तिच्यामुळं, पण चर्चेत नाव नवऱ्याचंच निघतं.

मग रामोन गोमेस दे ला सेर्ना. हा वाचायचा कमी आणि त्याच्यासारखं लिहायचं जास्त. माद्रिदच्या पोंबो कॅफेत तो मैफल जमवायचा. त्यानं ‘ग्रेगेरिया’ नावाचा एका ओळीचा प्रकार काढला. उपमा अधिक विनोद, असा त्याचा स्वतःचाच हिशेब. आमच्या कट्ट्यावर प्रत्येकानं एक तरी लिहायची असा नियम आहे. रंकाळ्यावर एकानं केलेली: ‘भेळवाला पुडा बांधतो तेव्हा कुठं कालच्या बातमीला तिखट लागतं.’ माझी एक: ‘नवी चप्पल कर्रकर्र बोलते, जुनी ऐकून घेते.’ असल्या दहा जमवा, मग कळतं की गंमत वाटणाऱ्या या प्रकारात किती काटछाट आहे.

आता माझ्या धंद्याचं पुस्तक. रामोन पेरेस दे आयालाची ‘बेलार्मिनो इ आपोलोनियो’ ही १९२१ची कादंबरी. ओव्हिएदोवर बेतलेल्या पिलारेस नावाच्या गावात दोन चांभार आहेत. बेलार्मिनो तत्त्वज्ञ, शब्दकोशाला तो विश्व मानतो आणि त्यातल्या शब्दांना आपले स्वतःचे अर्थ देतो. आपोलोनियो नाटककार, बोलतो तेसुद्धा यमकात. एकाची मानलेली मुलगी आणि दुसऱ्याचा पोरगा प्रेमात पडतात. घाईनं वाचू नका. एक बैठक नुसती बेलार्मिनोला द्या, दुसरी आपोलोनियोला, आणि प्रत्येक वेळी विचारा की लेखक यांना हसतोय का यांच्याकडून शिकतोय. माझं मत सांगतो: दोन्ही करतोय. पायताण शिवणाऱ्याच्या डोक्यात विचार असतो हे त्याला मान्य आहे, फक्त तो विचार दुसऱ्या कुणाला समजावा असं त्यानं होऊ दिलेलं नाही. कापशी चपलेची वेणी घालता घालता तुकोबांवर तास तास बोलणारी माणसं मी बघितलीत, आणि त्यांचं सगळं समजायचं.

आता होसे ओर्तेगा इ गासेत. त्याची ‘बंडखोर जनता’ पहिल्यांदा धरू नका. नावाला भुलून लोक तिथंच घुसतात. आधी १९१४चं ‘दोन किहोतेवरचं चिंतन’ (दोन किहोते हा सेर्वान्तेसच्या कादंबरीचा नायक), त्यातही प्रस्तावना. ‘मी म्हणजे मी आणि माझी परिस्थिती, तिला वाचवलं नाही तर मीही वाचत नाही’ हे त्याचं वाक्य तिथलं. मग त्याच वर्षीच्या मार्चमधलं माद्रिदच्या थिएटरातलं ‘जुनं आणि नवं राजकारण’ हे भाषण, ज्यात तो कागदोपत्री स्पेन आणि जिवंत स्पेन वेगळे काढतो. ओर्तेगा पेपरवाल्यांच्या घरातला. ‘बंडखोर जनता’सुद्धा आधी १९२९ साली ‘एल सोल’ दैनिकात लेखांच्या रूपात आली. म्हणून बैठकीला एकच प्रकरण, अग्रलेख वाचतो तसं.

इथं तो रेघेचा कागद काढा. या मंडळींचा विश्वास निवडक शहाण्यांवर होता; त्यांनी वर तयार व्हायचं आणि बाकीच्यांना ओढून न्यायचं. डावी बाजू बघा, बहुतेक वसतिगृह आणि शिष्यवृत्त्या. उजव्या बाजूला बोर्डिंगही आहे आणि गावातली प्रत्येक शाळाही. आमचा आजा अक्षर शिकला तो सक्तीच्या शाळेत. निवडक शहाण्यांची वाट बघत बसला असता तर दुकानाची पाटीही दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली असती. ओर्तेगाचं वाक्य न् वाक्य सुंदर आहे, पण पेन्सिल हातात धरूनच वाचा आणि जिथं ‘जनता’ येईल तिथं समासात लिहा: कोण?

शेवटचं वाचन त्याचं नकोच. १९३१ साली प्रजासत्ताक आलं तेव्हा ओर्तेगा, डॉक्टर मारान्योन आणि आयाला तिघं त्याच्या पाठीशी उभे राहिले. याच पिढीतला मानुएल आसान्या पुढं राष्ट्राध्यक्ष झाला. पण तुम्ही क्लारा काम्पोआमोर घ्या. शिवणकाम करणाऱ्या आईची लेक, नोकऱ्या करत करत वकील झालेली. १ ऑक्टोबर १९३१ला संसदेत ती बायकांच्या मतासाठी बोलली. बायका अजून तयार नाहीत, थोडं थांबू, असं म्हणणाऱ्यांत तिच्याच पक्षाचे लोक होते, आणि विक्तोरिया केन्त ही दुसरी महिला सदस्यही. भाषण मोठ्यानं वाचा, दोघांत वाटून: एकानं क्लारा, एकानं केन्त. निकाल आधी सांगू नका. १६१ विरुद्ध १२१, बायकांच्या बाजूनं.